टाकीची खपली

आमच्या घरची पाण्याची टाकी औषधाविना बरी झाली. ती बरी होऊ नये म्हणून मात्र घरातल्या प्रत्येकानं जीव तोडून मेहनत केली, आणि त्यात पहिला नंबर माझा होता.

गोष्ट सत्तरच्या दशकातली, माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातली. मी खाप्याची. माहेर कन्हान नदीच्या काठावर. पाणी ही खाली उतरून आणायची वस्तू असते एवढंच मला ठाऊक. ते घराच्या डोक्यावर चढवून ठेवतात हे नागपूरला आल्यावर कळलं. सासर बेसा रोडला, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं जगाच्या टोकाला. आजूबाजूला दोन-चार घरं, पुढे ज्वारीची शेतं, त्यापुढे संत्र्याचा एक बगीचा आणि मग बेसा नावाचं खेडं. आता त्या शेतांत लिफ्टच्या इमारती उभ्या आहेत. तेव्हा संध्याकाळी तिकडून फक्त धूळ यायची आणि धुळीमागून गाई यायच्या.

आमच्याकडे सून सासऱ्यांना मामाजी म्हणते. मामाजी सरकारी ओव्हरसियर. जन्मभर दुसऱ्यांच्या टाक्या, दुसऱ्यांचे पूल, दुसऱ्यांचे बंधारे. रिटायर झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा स्वतःची म्हणावी अशी एक गोष्ट बांधली : न्हाणीच्या छतावरची काँक्रिटची टाकी. घरही त्यांचंच होतं, पण ते ठेकेदारानं बांधलेलं. टाकीला मात्र त्यांनी गिट्टी धुऊन घेतली, वाळू चाळून घेतली आणि मजुरांना विडी प्यायला कुंपणाबाहेर पाठवलं. "माझी टाकी" असं म्हणताना त्यांचा आवाज जसा भरून यायचा, तसा "माझा मुलगा" म्हणताना कधी आला नाही. (आमच्या ह्यांनी ही गोष्ट अजून मनात ठेवली आहे.)

टाकीत पहिलं पाणी कोणाच्या हातानं चढवायचं, यावर घरात बरीच खलबतं झाली. शेवटी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, निकाल दिला, "सून आणून राहिलो ना घरात? तिच्याच हातानं चढवू. लक्ष्मीचा हात लागला का पाणी सरत नाही."

म्हणून मी माप ओलांडून घरात आले ती तशीच शालूसकट मागच्या दारानं बाहेर, विहिरीपाशी. मी मोटारीचं बटण दाबलं. मोटार घुरघुरली, टाकी भरली, पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीच्या भिंतीवर एक ओली रेघ उमटली होती.

रेघ म्हणजे अगदी केसाएवढी. तिच्यातून पाणी वाहत नव्हतं, पाझरत होतं. एक थेंब जमायचा, थोडा वेळ विचार करायचा आणि मग न्हाणीच्या पायरीवर टपकायचा. तेवढ्यात दुसरा विचार करायला बसलेला असायचा.

शेजारच्या दुर्गाबाईंना आमच्या घरातलं सगळं आमच्याआधी कळायचं. त्या कुंपणावर हात ठेवून म्हणाल्या, "काहून वं, लक्ष्मीचा हात लागला आन टाकीच फुटली?" आणि मग हळू आवाजात, पण माझ्यापर्यंत नेमका पोचेल अशा बेतानं, "यालेच पायगुन म्हनतात."

मी आत जाऊन तांदूळ निवडायला बसले. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले. नव्या नवरीला दुसरं काय करता येतं? टाकीनं मला बुडवलं होतं, तेही थेंबाथेंबानं.  त्या दिवसापासून माझ्याकडे पाहिलं की आत्याबाईंची नजर माझ्या पायांवर जायची आणि तिथून सरळ टाकीवर.

एकटे मामाजी निवांत होते. बाजेवर बसून, गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी घरच्यांना समजावलं, "काई नाई होत. नवीन काँक्रिट आहे, बारीक चिरा पडतेच. सिमेंटात चुना असते. पाणी त्या भेगेत शिरते, चुना विरघळवते, भायेर घेऊन येते. हवा लागली का तो चुना दगड होऊन तिथंच बसते. पोराचा गुडघा फुटला तं खपली धरते ना, तशी टाकी खपली धरते. भरून ठेवा, आन हात लावू नका. आपली आपण बुजते."

"किती दिवसांत?" ह्यांनी विचारलं.

"ते टाकीच्या मनावर आहे."

हात लावू नका! आमच्या घरात हे वाक्य आजवर कोणी पाळलेलं नाही. आणि टाकीच्या मनावर सोडायला कोणी तयार नव्हतं, कारण उन्हाळा टाकीच्या मनावर नव्हता. चैत्र सरत आला, विहिरीचं पाणी खाली गेलं, मोटार पाण्याऐवजी वारा ओढू लागली. अशा दिवसांत वर चढवलेलं पाणी न्हाणीच्या पायरीवर टपकताना पाहणं कोणाला झेपतं?

पहिला उपाय आत्याबाईंचा. "जखम आहे तं कोरडी ठेवा लागते. ओल्या जखमेले खपली धरते का कुठी?" मामाजी सकाळी भाजी आणायला गेले की त्या खालची तोटी उघडायच्या आणि टाकी रिकामी करायच्या. रिकाम्या टाकीवर नागपूरचं ऊन. दुपारपर्यंत भिंत तापून भाकरी भाजावी अशी व्हायची आणि केसाएवढी चीर सुतळीएवढी व्हायला बघायची. मग वर उडदाच्या पिठाचा, गुळाचा आणि चुन्याचा लेप. गुळाच्या वासानं मुंग्या आल्या. शेतांतल्या, बगीच्यातल्या, बहुधा बेशाच्याही. त्या लेप घेऊन रांगेनं निघून गेल्या.

दुसरा उपाय ह्यांचा. ह्यांनी मेणबत्त्या वितळवून मेण भरलं. ते ऊन डोक्यावर येईपर्यंत छान बसलं. मग खाली आलं.

तिसरा उपाय काकाजींचा. काकाजी म्हणजे मामाजींचे धाकटे भाऊ. त्यांचं गांधीबागेत कापडाचं दुकान, त्यामुळे जगातली कोणतीही अडचण कापडानं झाकता येते असा त्यांचा विश्वास. मांजरपाटाचा अख्खा तागा आणि डांबराचा डबा घेऊन ते रिक्षातून उतरले. "दादा, तू फक्त पाह," म्हणत त्यांनी धोतर वर खोचलं आणि टाकीला डांबरात भिजवलेला मांजरपाट गुंडाळला. लांबून ती टाकी डोकं फुटलेल्या पैलवानासारखी दिसायची. वैशाखाच्या उन्हात डांबर पुन्हा पातळ झालं, मांजरपाट हळूहळू खाली सरकला, आणि चहा पीत पायरीवर बसलेल्या काकाजींच्या पाठीवर पसरला. त्यांना सोडवायला रॉकेल लागलं. त्या दिवसापासून काकाजी टाकीचे वैरी झाले.

"फोड ते धोंड," रात्री जेवताना ते म्हणाले. "लोखंडाची बसव. तुझा तो चुना कवा दगड होईन आन कवा आमी पानी पिऊ?"

मामाजींचा घास हातातच राहिला. तो ताटात परत ठेवून ते म्हणाले, "मिरगाचा पाऊस लागेपर्यंत थांब गा. नाई बुजली, तं घण मीच घालतो."

त्या दिवशी ते अर्ध्या ताटावरून उठले. मला फार वाईट वाटलं. कारण एका दुपारी, सगळे निजलेले असताना, मी त्यांना शिडीवर उभे पाहिलं होतं. ते टाकीच्या भिंतीवर तळहात ठेवून हळूच म्हणत होते, "बुज ना वं बाई. काहून अशी करून राहिली?" घरादाराला "हात लावू नका" सांगणारे मामाजी स्वतः रोज टाकीला थोपटत होते.

आता माझं सांगते.

लग्न ठरवताना माझ्याबद्दल एकच गोष्ट ठासून सांगितली गेली होती : "पोरगी भारी स्वच्छ आहे." रंग सावळा, शिक्षण बेताचं, गाणं नाही, पण खाप्याच्या आमच्या घरातली पितळेची भांडी बघून पाहुण्यांनी तिथेच सुपारी फोडली होती. तेव्हा पायगुण गेला तर गेला, निदान हा गुण तरी राखावा म्हणून मी सासरी जे दिसेल ते घासत होते. कढया, कंदिलाच्या काचा, ह्यांच्या सायकलची घंटी. घासायला काही उरेना तेव्हा माझं लक्ष टाकीकडे गेलं.

त्या चिरेवर पांढरं काहीतरी धरायचं. आधी मीठ सांडल्यासारखं, मग खरबरीत, मग चांगली कड. ओल्या काळपट भिंतीवर ती पांढरी रेघ इतकी घाण दिसायची! येणाऱ्या-जाणाऱ्याचं पहिलं लक्ष तिकडे. आणि घरात सून कोणती, तर म्हणे भारी स्वच्छ.

ऊन कललं की मी नारळाची शेंडी आणि विटेची भुकटी घेऊन शिडी चढायची. टाकीच्या त्या अंगाला कडुनिंबाची सावली असायची. मी ती पांढरी कड घासून घासून काढायची. चिरेत अडकून राहिलेलं डोक्यातल्या आकड्यानं कोरायची, अगदी दातांतलं कोरावं तसं. मग फडक्यानं पुसून भिंत लख्ख. दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढरं, पुन्हा मी. मामाजींचं बोलणं मी ऐकलं नव्हतं असं नाही. पण खपली म्हणजे तपकिरी असते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

खरं सांगायचं तर नुसत्या स्वच्छतेसाठी मी वर जात नव्हते. खाली घरात डोक्यावर पदर, आवाज हळू, नजर जमिनीला. वर कोणी नसायचं. पदर खांद्यावर पडला तरी चालायचं. तिथून शेतं दिसायची, संत्र्याचा बगीचा हिरव्या ढगासारखा जमिनीला टेकलेला दिसायचा, आणि उन्हाच्या झळांत सगळं हलत असायचं, पाण्यातून बघितल्यासारखं. ओल्या काँक्रिटला एक वास असतो. डोळे मिटून तो घेतला की मी कन्हानच्या वाळूवर पोचायची. पाठीमागे थेंब पडत असायचा, टप, मग बराच वेळ काही नाही, मग टप. आई वाळूत झरा खणतेय, मी ओंजळीनं त्यातलं गढूळ पाणी काढून टाकतेय, खाली निवळ पाणी जमतंय. चिमण्या त्या ओल्या पायरीवर यायच्या. मी टाकीला गाल लावून बसायची. सगळ्या नागपुरात तेवढीच एक जागा थंड होती, आणि ती माझी होती.

दोष मला लागला होता त्या टाकीमुळे, आणि जीव रमत होता तोही तिथेच. हातातली शेंडी मात्र थांबत नव्हती.

असे दिवस जात होते. मिरग जवळ येऊ लागला. काकाजी लोखंडी टाकीचा भाव काढून आले. दुर्गाबाईंनी कुंपणावरून सल्ला दिला, आणि एका सकाळी आत्याबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. हातात उगाच एक लसणाची गाठ.

"सूनबाई, थोडे दिवस खाप्याले जाऊन ये. आईची आठवण येत असन तुले."

"नाही तशी, आत्याबाई."

"येत असन," त्या म्हणाल्या, आणि लसूण न सोलताच उठून गेल्या.

मला काय ते कळलं. मला माहेरी पाठवत नव्हते, टाकीपासून दूर ठेवून बघत होते. मी पिशवीत दोन लुगडी भरली. मामाजींना या बेताचं काही माहीत नव्हतं. ते म्हणाले, "जा पोरी, नदीत पाय बुडवून ये. माझ्यातर्फे बी बुडव."

मी रोज पाय बुडवले. उन्हाळ्यातली कन्हान म्हणजे वाळूच जास्त, मधून एक पातळ प्रवाह. त्यात पाय सोडून मी बसायची आणि हात जोडून मागायची, "देवा, टाकी गळू दे. भरपूर नको, पण गळू दे." तिकडे नागपूरला आत्याबाई टाकी थांबावी म्हणून शनिवार धरत होत्या, मामाजी टाकीला थोपटत होते, आणि इकडे त्यांची सून ती गळत राहावी म्हणून नदीला साकडं घालत होती. मी गेल्यावर ती थांबली असती तर संपलंच होतं. जन्मभर दुर्गाबाईंचं कुंपण आणि मी.

आई म्हणायची, "काहून वं गप्प गप्प?" मी म्हणायची, "काही नाही, ऊन लागलं." आणि तिच्या पितळेच्या घागरी घासायला घ्यायची.

एका दुपारी हे आले. एसटी स्टँडपासून चालत, घामानं भिजलेले, आणि चेहऱ्यावर अशी चमक की मला वाटलं बढती मिळाली.

"थांबली!" हे दारातूनच म्हणाले.

"कोण?"

"टाकी. तू आली त्याच्यानंतर आठवड्यात पाझर कमी झाला. आता थेंब नाही. बाबा सगळ्या गल्लीले बोलावून बोलावून दाखवून राहिले."

माझ्या हातातला पाण्याचा तांब्या खाली पडला. मी जी रडायला लागले ती थांबेना.

हे आईला म्हणाले, "पाहा, किती आनंद झाला तिले." पुरुषांना देवानं डोळे दिले ते कशासाठी, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे.

परतताना एसटीत मी खिडकीशी बसले होते. बाहेर पिवळी शेतं मागे मागे जात होती. मला वाटत होतं ही गाडी अशीच चालत राहावी, नागपूर येऊच नये. पण नागपूर आलं. घरी सगळे माझ्याशी फार गोड वागले, हे सगळ्यात वाईट. आत्याबाईंनी स्वतः मला पाणी आणून दिलं आणि देता देता माझ्या पायांकडे पाहिलं. कुंपणावर दुर्गाबाई होत्याच. "आली का वं? टाकीले सांगतलं का, का ही आली म्हनून?"

मी मान वर करून टाकीकडे पाहिलं. भिंत कोरडी ठणठणीत. पायरी कोरडी. चिमण्या नाहीत. आणि त्या चिरेच्या जागी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, करंगळीएवढी जाड, खरबरीत, पांढरीफटक कड.

शी! थोडे दिवस काय गेले, घराची ही दशा? एवढ्या माणसांत कोणाला फडकं मारता आलं नाही?

दुसऱ्या दिवशी ऊन कललं. घरात सगळे निजलेले. मी शेंडी घेतली, विटेची भुकटी घेतली आणि शिडी चढले. मनात पायगुणाचं दुःख होतंच, पण दुःखात हाताला काम लागतं माणसाला. बगीचा तसाच जमिनीला टेकलेला होता. झळा हलत होत्या. मी पदर सोडला, गाल टाकीला टेकवला, डोळे मिटले आणि घासायला लागले. या वेळी कड भारी घट्ट होती. आकडा वाकला. मी दुसरा काढला. तंद्रीत वाळू खणत होते की टाकी कोरत होते मला सांगता येणार नाही. आणि मग एकदम, खोल कुठून तरी आल्यासारखा, ओळखीचा आवाज आला. टप.

त्यामागून दुसरा आवाज आला. तो थेंबाचा नव्हता.

"कोन आहे गा वर?"

खाली न्हाणीच्या भिंतीलगत मामाजींची बाज होती. टाकी बरी झाल्यापासून ते कौतुकानं तिच्याच पायथ्याशी निजत होते. मी खाली वाकून पाहिलं. त्यांच्या टकलावर, मिशीवर, छातीवर पांढरी पूड सांडली होती, आणि त्या पुडीच्या मधोमध कपाळावर एक थेंब.

"मी आहे, मामाजी."

"काय करून राहिली तिथं?"

"घासून राहिली."

"काय घासून राहिली?"

"ते पांढरं. लय घाण दिसते."

मामाजी उठून बसले. मिशीवरची पूड बोटावर घेऊन त्यांनी बघितली. मग अगदी शांतपणे, आयुष्यभरच्या तपासण्यांचा सगळा अनुभव आवाजात आणून विचारलं, "पोरी, हे तू आजच केलं, का आधी बी करत होती?"

"रोज करत होती, मामाजी," मी जरा अभिमानानंच सांगितलं. "खाप्याले गेली तेवढे दिवसच राहिलं."

 ते कपाळाला हात लावून बसले. मला वाटलं, झालं, यांना झटका आला, आता हाही माझ्याच पायगुणावर. मी धडपडत शिडी उतरले. बघते तर मामाजींचे खांदे हलत होते. ते हसत होते. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढून, मिशीतून चुना उडवत हसत होते. "खपली काढत होती," ते कसंबसं म्हणाले. "रोज. आकड्यानं. आन मी म्हनतो चाळीस वर्षं नोकरी केली ते सारं खोटं शिकलो का काय."

त्या आवाजानं घर जागं झालं. आत्याबाई आल्या, हे आले, जेवून मुक्काम टाकलेले काकाजी बनियनवर आले. सगळ्यांनी वर पाहिलं. टप. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पूड माझ्याही अंगावर सांडलेली होती. शिडीपासून माझ्यापर्यंत पावलांचे पांढरे ठसे उमटले होते. (पांढऱ्या पायाची सून याहून स्पष्ट कोणी पाहिली नसेल.)

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. "आली तशी सुरू झाली वं माय."

 मामाजींनी हसू आवरलं आणि हळूच मला विचारलं, "सांगू का?"

आता माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. नाही म्हणावं तर पायगुण वाईट. हो म्हणावं तर अक्कल वाईट. पायगुण देवानं दिलेला असतो, तो बदलत नाही. अकलेचं काय, उद्या येऊही शकते. मी मान हलवली.

मामाजींनी सगळं सांगितलं. शेंडी दाखवली, वाकलेला आकडा दाखवला, पूड दाखवली. "पोरगी घरात असली का रोज खपली काढते. नसली का टाकी बरी होते. याच्यात पायाचा काई संबंध नाही, सारा हाताचा आहे."

 आधी काकाजी हसायला लागले, मग हे. (ह्यांना सगळ्यात शेवटी कळलं, पण हसले सगळ्यात मोठ्यानं.) आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि टाकी गळायला लागल्यापासून पहिल्यांदाच त्यांची नजर माझ्या तोंडावर थांबली. त्यांचे डोळे भरून आले होते. पण सासूबाई त्या सासूबाई. पदरानं माझ्या गालावरचा चुना पुसत म्हणाल्या, "मी तं पहिल्यापासून सांगत होती, पोरगी भारी स्वच्छ आहे."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडले. घरात आल्यापासून साचलं होतं ते सगळं रडून घेतलं.

कुंपणापलीकडून दुर्गाबाईंनी हे सगळं ऐकलं होतं. त्या सहजी हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. "पायगुन नाई तं नाई," त्या म्हणाल्या. "पन ही गेली का थांबते, हे तं खरं ना?"

  मामाजी मिशी पुसत म्हणाले, "बाई, ते तं खरंच आहे. टाकीले आता पुन्हा खपली धरू द्या लागते, आन मिरग तोंडावर आला. ही इथं राहिली तं घासल्याबिगर राहणार नाई. शेंडी लपवली तं नखानं कोरन." मग ह्यांच्याकडे वळून, "उद्याच्या एसटीनं हिले परत खाप्याले पोचव."

अशी मी तिसऱ्याच दिवशी पुन्हा माहेरी गेले. या वेळी आत्याबाईंनी पिशवीत लाडू भरून दिले. मी कन्हानच्या पाण्यात पाय सोडून बसले आणि काहीच मागितलं नाही. वरून घारी फिरत होत्या, पायांवरून मासळ्या जात होत्या, आणि दूर नागपूरला एक टाकी आपल्या मनानं, कोणाचा हात न लागता, बरी होत होती. मिरगाच्या आधी ती ठणठणीत झाली. मामाजींना घण उचलावा लागला नाही. ते गेल्यावरही ती टाकी तशीच आहे, आणि ती पांढरी कडही. तिच्यावरून फडकं फिरवायची मला आजही बंदी आहे.

दुर्गाबाईंचं ते वाक्य मात्र घरात कायमचं रुजलं. न्हाणीचा नळ गळू दे, स्वयंपाकघरातला गळू दे, कौलातून थेंब येऊ दे, प्लंबरच्या आधी आत्याबाई माझीच पिशवी काढायच्या. "जाऊन ये वं खाप्याले, थोडं थांबते का पाहू." मी चार दिवस नदीकाठी राहून यायची. तोवर इकडे कोणीतरी गुपचूप वायसर बदललेला असायचा आणि यश माझ्या जाण्याला मिळायचं. आता आत्याबाईंची जागा माझ्या सुनेनं घेतली आहे. तीही हसत हसत पिशवी भरते.

आणि मी तक्रार करत नाही. उन्हाळा आला, दुपारी झळा हलायला लागल्या, ओल्या वाळूचा वास आठवायला लागला, आणि घरातले सगळे नळ नेमके धडधाकट असले, तर सगळे निजल्यावर मी उठते, पाना घेते आणि न्हाणीच्या नळाचा वायसर थोडासा ढिला करून ठेवते.